झडपेवरच्या जंतूंचा माग : छातीवरून, अन्ननलिकेतून आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावरही

संध्याकाळी बारीक ताप येतो, रात्री घाम फुटतो आणि सकाळी माणूस पुन्हा कामाला लागतो. आठवडाभराने घराजवळच्या डॉक्टरांना दाखवले जाते. रक्ततपासणीत मलेरिया नाही, टायफॉईड नाही. पाच दिवसांच्या प्रतिजैविक गोळ्यांनी ताप उतरतो आणि गोळ्या संपल्यावर काही दिवसांत परत येतो. भूक मंदावते, वजन घटते, जिना चढताना धाप लागू लागते. असे तीन-चार आठवडे गेल्यावर एखाद्या सकाळी अचानक हातातली शक्ती जाते किंवा बोलणे अडखळते, आणि मग रुग्णालयात दाखल झाल्यावर कोणीतरी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून नीट ऐकते.

या दुखण्याचे मूळ हृदयात असू शकते. हृदयाच्या आतल्या अस्तराला, विशेषतः झडपांना होणाऱ्या जंतुसंसर्गाला वैद्यकशास्त्रात 'इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस' म्हणतात. हा रोग तुलनेने विरळा, पण अत्यंत घातक. उपचार मिळूनही रुग्णालयातच दगावणाऱ्यांचे प्रमाण आजही साधारण १५ ते ३० टक्क्यांच्या घरात आहे, आणि जवळजवळ निम्म्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करण्याची वेळ येते. त्याच्या निदानाचा मोठा भार ज्या तपासणीवर आहे, ती आपल्याकडे 'टू-डी इको' या नावाने घरोघरी परिचित झाली आहे. मात्र 'इको नॉर्मल आला' या तीन शब्दांत या रोगाची चौकशी संपत नाही, हे अनेक रुग्णांच्या नातेवाइकांना फार उशिरा कळते.

झडपेवर नेमके काय होते?

निरोगी झडपेचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. त्यावर जंतूंना सहसा थारा मिळत नाही. पण झडप जन्मजात सदोष असेल, लहानपणच्या ऱ्हुमॅटिक तापाने जाड व खरबरीत झाली असेल किंवा कृत्रिम झडप बसवलेली असेल, तर तेथे रक्ताचा प्रवाह खळबळतो आणि पृष्ठभागावर रक्तबिंबिका व तंतूंचा पातळ थर साचतो. दात-हिरड्यांतून, त्वचेवरील जखमेतून, शिरेत ठेवलेल्या नळीतून रक्तात शिरलेले जंतू या थरात अडकतात आणि तेथेच वाढू लागतात. जंतू, तंतू आणि रक्तबिंबिका यांचा हा लोंबता गोळा म्हणजे 'व्हेजिटेशन'. तो झडपेबरोबर प्रत्येक ठोक्याला, म्हणजे दिवसातून सुमारे एक लाख वेळा, झोके घेत असतो. त्याचा तुकडा सुटला तर तो मेंदूत, प्लीहेत, मूत्रपिंडात, पायाच्या रोहिणीत कोठेही जाऊन अडकू शकतो. गोळ्याच्या मुळाशी जंतू झडपेची पाकळी कुरतडतात. तिला भोक पडते, दोऱ्या तुटतात. संसर्ग आणखी खोल गेला तर झडपेच्या कड्याभोवती गळू तयार होते.

सर विल्यम ऑस्लर यांनी १८८५ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये या रोगावर व्याख्याने दिली, तेव्हापासून त्याचे स्वरूप डॉक्टरांना बऱ्यापैकी ठाऊक आहे. अडचण होती ती जिवंत माणसाच्या झडपेवर काय चालले आहे हे पाहण्याची. विख्यात संगीतकार गुस्ताव माहलर यांचे उदाहरण बोलके आहे. त्यांच्या झडपेतील दोष १९०७ मध्येच लक्षात आला होता. २१ फेब्रुवारी १९११ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी तापातच वाद्यवृंदाचे संचालन केले. तो त्यांचा अखेरचा कार्यक्रम ठरला. त्यांना तपासणारे डॉ. इमॅन्युएल लिबमन हे या रोगाचे त्या काळातील जाणते अभ्यासक. त्यांनी रक्त काढवून घेतले आणि काही दिवसांत त्यात स्ट्रेप्टोकोकस जंतू वाढले. निदान अचूक होते, पण त्यावर करण्याजोगे काही नव्हते. पेनिसिलिन वापरात यायला आणखी तीस वर्षे होती. त्या वर्षी १८ मे रोजी व्हिएन्नात माहलर यांचे निधन झाले. आजच्या कार्डिऑलॉजिस्टसमोर तोच रुग्ण आला तर रक्त काढल्यावर पुढचा प्रश्न असेल : गोळा कोणत्या झडपेवर आहे, केवढा आहे, आणि झडप कितपत शाबूत आहे?

जहाजबांधणीच्या कारखान्यातून हृदयाकडे

या प्रश्नाचे उत्तर देणारे यंत्र मुळात माणसासाठी बनलेलेच नव्हते. स्वीडनमधील लुंड येथील डॉ. इंगे एडलर यांना शस्त्रक्रियेपूर्वी हृदयाची झडप कितपत आवळली आहे हे समजून घ्यायचे होते. त्यांचे सहकारी भौतिकशास्त्रज्ञ हेलमुट हर्ट्झ यांना माल्मो शहरातील जहाजबांधणी कारखान्यात एक उपकरण सापडले. धातूच्या आत भेग आहे का, हे ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून ओळखण्यासाठी ते वापरले जाई. हर्ट्झ यांनी ते उसने मागून आणले, छातीला लावून पाहिले आणि १९५३ च्या ऑक्टोबरमध्ये धडधडत्या हृदयाचे पहिले प्रतिध्वनी नोंदवले गेले. हे हर्ट्झ म्हणजे नोबेल विजेते गुस्ताव हर्ट्झ यांचे चिरंजीव, आणि ज्यांच्या नावाने कंपनसंख्या मोजली जाते त्या हाइनरिश हर्ट्झ यांच्या घराण्यातले. योगायोग म्हणावा तर असा.

झडपेवरील व्हेजिटेशन इकोत ओळखता येते, हे अमेरिकेतील डॉ. डिलन, डॉ. फायगेनबॉम आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले. तेव्हाचा इको म्हणजे कागदावर उमटणाऱ्या रेघा. झडपेची रेघ केसाळ, विस्कटलेली दिसली की संशय घ्यायचा. पुढे द्विमितीय चित्र आले, त्यावर रक्तप्रवाह लाल-निळ्या रंगांत दाखवणारे डॉप्लर आले. मग १९८० च्या दशकात लहरी सोडणारा स्फटिक लवचीक नळीच्या टोकाला बसवून घशातून खाली उतरवण्याची पद्धत रूढ झाली. एंडोकार्डायटिसच्या बाबतीत सर्वांत मोठा फरक पडला तो या नळीने.

छातीवरून आणि अन्ननलिकेतून

नेहमीच्या इकोत जेल लावून यंत्राचे टोक छातीवर फिरवतात. लहरींना त्वचा, चरबी, बरगड्या व फुप्फुसातील हवा यांच्यामधून वाट काढावी लागते. हाड आणि हवा या दोन्ही या लहरींच्या वैरी. शिवाय खोलवर पोहोचण्यासाठी कमी कंपनसंख्येच्या लहरी वापराव्या लागतात आणि त्यांत बारीक तपशील हरवतो. दोन-तीन मिलिमीटरचा गोळा सहज नजरेतून निसटतो. अन्ननलिका मात्र हृदयाच्या डाव्या कर्णिकेला पाठीमागून जवळजवळ चिकटूनच जाते. तेथून पाहिले की मध्ये ना बरगडी, ना फुप्फुस. अंतर थोडे असल्याने जास्त कंपनसंख्येच्या लहरी वापरता येतात आणि चित्र कितीतरी स्वच्छ येते. या तपासणीला 'ट्रान्स-इसोफेजियल इको', थोडक्यात 'टीईई', म्हणतात.

फरक किती? युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, मूळ झडपेवरील व्हेजिटेशन छातीवरील इकोत सुमारे ७० टक्के वेळा सापडते, टीईईत ९६ टक्के. कृत्रिम झडप असेल तर छातीवरून ५० टक्केच, म्हणजे नाणेफेकीइतकी खात्री; टीईईत ९२ टक्के. गळवाच्या बाबतीत तर तफावत डोळ्यांत भरणारी आहे. जर्मनीतील हानोव्हरच्या डॉ. डॅनियल आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ११८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेत किंवा शवविच्छेदनात या रुग्णांमध्ये एकूण ४६ गळवे प्रत्यक्ष आढळली. त्यांपैकी छातीवरील इकोने १३ दाखवली होती, टीईईने ४०.

टीईईचे नाव काढले की रुग्ण धास्तावतात. प्रत्यक्षात पाच-सहा तास उपाशी ठेवून, कवळी असेल तर काढून, घशात बधिर करणारा फवारा मारला जातो. गुंगीचे औषध देऊन, डाव्या कुशीवर झोपवून साधारण बोटाएवढ्या जाडीची नळी गिळायला सांगतात. पंधरा-वीस मिनिटांत काम होते. घशाचा बधिरपणा जाईपर्यंत पाणीही द्यायचे नसते. अन्ननलिकेला इजा होण्याचा धोका अगदी क्वचित, पण खरा असतो. म्हणून अन्ननलिका अरुंद झाली आहे का, यकृताच्या विकाराने तेथील शिरा फुगल्या आहेत का, गिळताना त्रास होतो का, हे आधी विचारले जाते आणि विचारले गेले नाही तर रुग्णाने आपणहून सांगावे.

अर्थात टीईई आली म्हणून छातीवरचा इको निकालात निघालेला नाही. सुरुवात त्यानेच होते. हृदयाच्या पंपाची ताकद, उजव्या बाजूची झडप आणि गळतीचा वेग त्यात चांगला मोजता येतो. धातूची कृत्रिम झडप लहरी अडवते आणि तिच्या पलीकडे काळी सावली पडते. मिट्रल जागी अशी झडप असेल तर छातीवरून पाहताना डावी कर्णिकाच सावलीत जाते. अन्ननलिकेतून ती उघडी दिसते. महारोहिणीच्या जागी झडप असेल तर तिच्या कड्याचा पुढचा भाग उलट छातीवरून बरा दिसू शकतो. म्हणून दोन्ही चित्रे शेजारी ठेवून वाचायची असतात.

'नॉर्मल' अहवालाचा सापळा

पहिल्या आठवड्यात केलेला इको स्वच्छ असू शकतो, कारण गोळा अजून दिसण्याइतका वाढलेला नसतो. तो नुकताच तुटून गेला असेल तरीही पडद्यावर काही दिसत नाही. सुरुवातीचे गळू म्हणजे केवळ कड्याचा थोडासा जाडपणा. त्यात पोकळी नंतर तयार होते. म्हणूनच संशय दाट असेल आणि टीईईत काही सापडले नाही, तर पाच ते सात दिवसांनी ती पुन्हा करावी असे मार्गदर्शक सूचना सांगतात. मधल्या काळात ताप उतरत नसेल, नवा मर्मर ऐकू आला किंवा ईसीजीत ठोक्याचा संदेश खाली पोहोचायला उशीर होऊ लागला, तर तेवढेही थांबायचे नसते. महारोहिणीच्या झडपेचे कडे आणि हृदयाची विद्युतवाहिनी यांची शेजारवस्ती आहे. गळू तिथवर पोहोचल्याची पहिली वर्दी कधीकधी इकोआधी साध्या ईसीजीतून मिळते.

उलट बाजूची चूकही होते. पडद्यावर हलणारी प्रत्येक गोष्ट जंतूंचा गोळा नसते. वयोमानाने झडपेच्या कडेला येणारे बारीक तंतू, तुटलेली दोरी, साधी रक्ताची गुठळी, ल्युपससारख्या विकारात होणारी जंतुविरहित वाढ, कृत्रिम झडपेचे टाके, फार काय, पूर्वी बऱ्या झालेल्या संसर्गाचा वाळलेला अवशेष, या सर्वांचे चित्र फसवे असते. इको जंतूंचे नाव सांगत नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी १९९४ मध्ये निदानाचे जे निकष मांडले, त्यांत इको आणि ब्लड कल्चर यांना बरोबरीचे प्रमुख स्थान दिले, ते याच कारणाने. २०२३ मध्ये या निकषांची नव्याने मांडणी झाली. त्यात सीटी स्कॅन व पेट स्कॅनचा पुरावा धरला गेला आणि शस्त्रक्रियेत सर्जनने डोळ्यांनी पाहिलेल्या संसर्गालाही प्रमुख पुराव्याचा दर्जा मिळाला.

भारतात यातली दुसरी बाजू, म्हणजे ब्लड कल्चर, लंगडी पडते. ऱ्हुमॅटिक तापाने झडपा खराब झालेले तरुण रुग्ण आपल्याकडे अजूनही मोठ्या संख्येने आहेत. ताप आला की कल्चरसाठी रक्त काढण्याआधीच प्रतिजैविक गोळ्या सुरू होतात. दोन-चार गोळ्यांनी रोग बरा होत नाही. मात्र रक्तातील जंतू इतके दबतात की प्रयोगशाळेत काहीच वाढत नाही. कोणत्या जंतूशी लढायचे हे न कळताच चार ते सहा आठवड्यांची इंजेक्शने ठरवावी लागतात आणि निदानाचा भार इकोवर अधिकच येऊन पडतो. झडपेचा जुना विकार किंवा कृत्रिम झडप असलेल्या माणसाने ताप आल्यास पहिल्या गोळीपूर्वी ब्लड कल्चरविषयी विचारायचे असते, ही साधी गोष्ट डिस्चार्ज कार्डावर ठळक अक्षरांत छापायला हरकत नसावी.

शस्त्रक्रिया केव्हा?

प्रतिजैविकांचा पूर्ण कोर्स संपेपर्यंत थांबावे, जंतू असलेल्या जागी नवी झडप बसवू नये, असे एके काळी मानले जाई. सक्रिय संसर्ग असतानाच झडप काढून नवी बसवल्याची पहिली नोंद १९६५ ची आहे. आज गळतीमुळे हृदय थकत असेल, गळू झाले असेल, औषधे चालू असूनही संसर्ग आवरत नसेल किंवा मोठा गोळा तुटण्याची भीती असेल, तर कोर्स पूर्ण होण्याची वाट पाहिली जात नाही. या चारही बाबींत इकोची साक्ष महत्त्वाची ठरते. डाव्या बाजूच्या झडपेवरील गोळा १० मिलिमीटरपेक्षा लांब असेल तर तुकडा सुटण्याचा धोका वाढतो, हे मोजमाप तर सर्रास वापरले जाते.

दक्षिण कोरियातील ७६ रुग्णांच्या चाचणीचा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. या रुग्णांची झडप गंभीररीत्या निकामी झालेली होती आणि गोळा १० मिलिमीटरपेक्षा मोठा होता. ज्यांची शस्त्रक्रिया ४८ तासांच्या आत झाली, त्यांच्यात रुग्णालयातील मृत्यू किंवा सहा आठवड्यांत तुकडा सुटून इजा, असे मिळून प्रमाण ३ टक्के होते. नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांत २३ टक्के. सहा महिन्यांअखेरच्या मृत्युदरात मात्र ठळक फरक दिसला नाही. लाभ होता तो प्रामुख्याने मेंदू आणि इतर अवयव वाचण्याचा. चाचणी लहान होती आणि रुग्ण तुलनेने तरुण, हेही ध्यानात घ्यायला हवे. मेंदूत आधीच रक्तस्राव झाला असेल तर हिशेब उलटतो. हार्ट-लंग मशीनसाठी रक्त पातळ करावे लागते, त्यामुळे शक्य असल्यास काही आठवडे थांबणे भाग पडते.

ऑपरेशन टेबलावर पुन्हा एकदा

रुग्ण टेबलावर आला, भूल दिली गेली, श्वासनलिकेत नळी बसली की भूलतज्ज्ञ टीईईची नळीही अन्ननलिकेत उतरवतो. छाती उघडण्याच्या तयारीत असलेला सर्जन पडद्याकडे येतो. आधीची तपासणी दोन दिवसांपूर्वीची असेल, चार दिवसांपूर्वीची असेल. जंतूंनी तेवढ्या वेळात काम थांबवलेले नसते. काल दिसलेला गोळा आज जागेवर नसेल तर तो कोठे गेला, हे शोधावे लागते. असेल तर हृदयाला कमीत कमी हात लावून महारोहिणीला चिमटा घालेपर्यंत सांभाळावे लागते, कारण त्याआधी तुकडा सुटला तर तो थेट मेंदूकडे जाऊ शकतो.

दुसरी झडपही पाहायची असते. महारोहिणीची झडप गळू लागली की उलट फिरलेल्या रक्ताची धार मिट्रल झडपेच्या पुढच्या पाकळीवर आदळते, आणि त्या धारेबरोबर जंतूही. पाकळीवर फुगा येतो, तो फुटून भोक पडते. सर्जन महारोहिणीच्या झडपेच्या तयारीने आत गेला आणि मिट्रलमधले हे भोक राहून गेले, तर नवी झडप उत्तम बसूनही रुग्ण सावरत नाही. टीईईत ते आधी दिसले तर भोकाला ठिगळ लावायचे की ती झडपही बदलायची, याची तयारी टेबलावर असते. गळू किती खोल गेले आहे, एका कप्प्यातून दुसऱ्यात वाट फुटली आहे का, यावर शस्त्रक्रियेची लांबी आणि लागणारे साहित्य ठरते.

येथेही पडदा फसवू शकतो. भुलीखाली रक्तदाब उतरतो आणि दाब उतरला की गळती प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. जागेपणी तीव्र असलेली गळती टेबलावर मध्यम भासते. अनुभवी भूलतज्ज्ञ औषधाने दाब नेहमीच्या पातळीवर आणून पुन्हा पाहतो. सर्जनचा विजेचा चाकू चालू असताना पडद्यावर नुसत्या रेघोट्या उठतात; तेवढा वेळ सगळ्यांना थांबावे लागते.

हार्ट-लंग मशीन सुरू झाले, हृदय रिकामे होऊन थांबले की झडपांविषयी इकोला सांगण्यासारखे फारसे राहत नाही. आता सर्जनचे डोळे आणि बोटे. तो गोळा काढतो, सडलेली ऊती खरवडतो, गळवाची पोकळी साफ करतो, झडप दुरुस्त करतो किंवा बदलतो. काढलेला भाग प्रयोगशाळेत जातो, आणि रक्तात जे जंतू वाढले नाहीत त्यांचे नाव कधीकधी झडपेच्या या तुकड्यातून कळते.

कसोटीचा क्षण त्यानंतरचा. हृदय पुन्हा धडधडू लागते आणि मशीन हळूहळू कमी केले जाते. पडद्यावर आधी चांदण्यांसारखे ठिपके चमकताना दिसतात. ते हृदयात अडकलेल्या हवेचे बुडबुडे. ते निघून जाईपर्यंत धीर धरावा लागतो. मग नवी झडप तपासली जाते. दोन्ही पाकळ्या उघडतात का? कडे स्थिर आहे, की डोलते आहे? धातूच्या झडपेच्या आतून येणाऱ्या बारीक धारा तिच्या रचनेचाच भाग असतात. त्या दिसल्या म्हणून घाबरायचे कारण नाही. धार कड्याच्या बाहेरून, टाक्यांच्या रेषेतून येत असेल तर मात्र कपाळावर आठी पडते. संसर्गाने ठिसूळ झालेल्या ऊतीत टाका धरत नाही, दोरा कापून निघतो. अगदी लहान गळती रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम उलटवल्यावर बऱ्याचदा ओसरते. मोठी असेल तर तेथल्या तेथे निर्णय घ्यावा लागतो. पुन्हा मशीनवर जायचे, पुन्हा हृदय थांबवायचे, पुन्हा टाके घालायचे. दमलेल्या हृदयासाठी ही दुसरी खेप जोखमीची असते. पण तीच गळती अतिदक्षता विभागात चौथ्या दिवशी कळली, तर छाती नव्याने उघडावी लागते.

इंजेक्शने शस्त्रक्रियेनंतरही चालूच राहतात. घरी जाण्यापूर्वी किंवा पहिल्या काही आठवड्यांत छातीवरून एक साधा इको करून घेतला जातो. त्यात रोग शोधायचा नसतो. नवी झडप निरोगी अवस्थेत कशी दिसते, तिच्यातून रक्त किती वेगाने जाते, याची ती मूळ नोंद असते. संसर्ग एकदा झालेल्या माणसाला तो पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. दोन वर्षांनी ताप आला आणि हा कागद फाइलमध्ये सापडला नाही, तर कड्याभोवती दिसणारा जाडपणा जुन्या टाक्यांचा आहे की नव्या गळवाचा, हे पहिल्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही.